वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडून येणारे पाणी, वारा आणि टोळ

हवामान बदलातून देशाच्या सुरक्षेला उभे राहणारे धोके आणि त्यांसाठी शेजारी देशांनी करायचे सहकार्य, या विषयावर इंदूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतली सहा येथे घेतली आहेत. उत्तरे जलविज्ञान, हवामान आणि कीटकशास्त्र या विषयांच्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : हवामान बदल हा पर्यावरणाचा विषय आहे हे समजते, पण त्याला ‘सुरक्षेचा धोका’ का म्हणतात? आणि इंदूर सरहद्दीपासून इतके लांब असताना आपण त्याची काळजी का करायची?
(निवृत्त शिक्षिका, तिलकनगर)

उत्तर : एक कारण उघड आहे. धान्य, पिण्याचे पाणी, वीज आणि रस्ते यांच्यावाचून राज्य चालत नाही आणि बिघडलेले हवामान नेमका त्यांच्यावरच घाव घालते. दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते, पण आम्हाला तेच अधिक गंभीर वाटते. नदीला अवेळी लोंढा आला की खालच्या देशाला कळत नाही, वर दरडीने अडलेले तळे फुटले की कोणी मुद्दाम दरवाजे उघडले. जून २००० मध्ये तिबेटातल्या यिगोंग नदीवरचा दरडीचा बांध फुटला आणि अरुणाचलात सियांगला प्रचंड पूर आला. काठावरच्या लोकांना पाणी दिसले तेव्हाच ते कळले. मोजलेला आकडा हातात नसला की त्या जागी संशय येऊन बसतो, आणि दोन्हीकडे फौजा उभ्या असलेल्या सीमेवर संशय फार महाग पडतो.

इंदूरपुरते म्हणाल तर साखळी इथूनही बाहेर जाते. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन दाणा भरताना गहू तापला, उतारा घटला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्राने निर्यात थांबवली. माळव्याच्या मंड्यांत निर्यातीच्या भरवशावर खरेदी केलेला माल अडकला, कांडला बंदराबाहेर गव्हाचे ट्रक रांगेत उभे राहिले. तेव्हा आपल्या गव्हाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश होते. एका उन्हाळ्याची झळ अशी दोन देशांच्या पिठापर्यंत जाते.

प्रश्न : माझी शेती देपालपूरजवळ आहे. मे २०२० मध्ये टोळधाड नीमच, मंदसौर, उज्जैनपर्यंत आली तेव्हा सगळ्यांनी थाळ्या-पिंपे वाजवली. पुन्हा आली तर आधी कळेल का? आणि नेमके काय करायचे?
(शेतकरी, देपालपूर)

उत्तर : आधी कळू शकते, तेही काही महिने आधी. मात्र त्यासाठी नजर माळव्यावर ठेवून उपयोग नाही, ती अरबस्तानापासून ठेवावी लागते.

वाळवंटी टोळ ओल्या वाळूत, १० ते १५ सेंमी खोल, अंडी घालतो. पाऊस नसेल तर अंडी फुटत नाहीत आणि पिल्लांना खायला हिरवे मिळत नाही. मे २०१८ मध्ये मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान ही चक्रीवादळे सौदी, ओमान, येमेनच्या सीमेवरच्या ‘रुब अल खाली’ या ओसाड वाळवंटावर बरसली. अनुकूल हवेत टोळांची संख्या तीन महिन्यांत साधारण वीसपट होते. तिथे एकामागून एक तीन पिढ्या झाल्या, म्हणजे आठ हजारपट, आणि त्या निर्मनुष्य भागात मोजायला कोणी नव्हते. पुढे इराण, बलुचिस्तान, सिंध, राजस्थान असा क्रम लागला. २०१९ चा मान्सून लांबल्याने डिसेंबरात बनासकांठ्यात धाड पडली. २०२० च्या वसंतात इराण आणि बलुचिस्तानात पुन्हा पिढी वाढली आणि एप्रिलपासूनच थवे राजस्थानात शिरले. एरवी ते जूननंतर येतात. एप्रिल-मेमध्ये तिथे शेतात हिरवे काही नसते. रब्बी निघालेली, खरीप पेरायचा. म्हणून वाऱ्यावर स्वार होऊन ते पूर्वेकडे, तुमच्या बाजूला आले.

या साखळीची प्रत्येक कडी वेगळ्या देशात आहे, म्हणून उपायही एकट्या देशाचा असू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेखाली १९६४ पासून अफगाणिस्तान, इराण, भारत आणि पाकिस्तान यांचा टोळ आयोग आहे. आपल्याकडे जोधपूरची टोळ इशारा संघटना १९३९ पासून काम करते. भारत-पाकिस्तानचे टोळ अधिकारी पावसाळी हंगामात मुनाबाव-खोखरापार सीमेवर भेटत आले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी राजनैतिक संबंध खालच्या पातळीवर आणले, तरी २०२० च्या धाडीत या चार देशांचे तांत्रिक अधिकारी दर आठवड्याला ऑनलाइन बोलत होते. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने इराणला २५ टन मॅलेथिऑन पाठवले. सिस्तान-बलुचिस्तानात पिल्ले उडण्याआधी मेली तर देपालपूरला फवारणीचा खर्चच येत नाही. हे औषध दानधर्म म्हणून दिलेले नव्हते, आपलेच शेत राखण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता.

आता तुमच्या बांधावर काय करायचे ते. टोळ सूर्य चढला की उडतो, दिवसाला १५० किमीपर्यंत जातो आणि अंधार पडायच्या आत झाडांवर, पिकांवर उतरतो. रात्रभर आणि पहाटे तो सुस्त असतो. फवारणीची वेळ तीच, उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत. दुपारी उडत्या थव्यावर मारलेले औषध वाया जाते.

थाळ्या वाजवण्याचा उपयोग एवढाच, की थवा तुमच्या शेतातून उठून शेजाऱ्याच्या शेतात बसतो. संध्याकाळी आवाज करूच नका. तो एका जागी बसला तरच पहाटे मारता येतो. थवा कुठे आणि किती वाजता बसला, किती लांब-रुंद पसरला, झाडांवर आहे की पिकात आणि रंग गुलाबी की पिवळा, एवढे लिहून घ्या आणि ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याला किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर त्याच रात्री कळवा. रंग सांगायला विसरू नका. गुलाबी टोळ कोवळे असतात, खूप उडतात, खूप खातात, पण अंडी घालत नाहीत. पिवळे म्हणजे पक्व. ते दिसले तर पुढचा धोका तुमच्याच जमिनीत असतो.

सरकारी गाड्या मॅलेथिऑन ९६ टक्के हे अतिसूक्ष्म थेंबांचे औषध वापरतात, हेक्टरी साधारण एक लिटर, पाणी न घालता. ते तुमच्या पाठीवरच्या पंपात चालत नाही. पाण्यात मिसळले की थेंब मोठे होतात आणि झाडाखाली गळून जातात. ट्रॅक्टरच्या फवाऱ्यासाठी लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसी हेक्टरी ४०० मिली किंवा मॅलेथिऑन ५० टक्के ईसी हेक्टरी १८५० मिली असे प्रमाण आहे, पाणी झाडोरा पुरता भिजेल इतके. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा, विहीर आणि मधपेट्यांपासून लांब राहा, फवारलेला चारा जनावरांपुढे टाकू नका आणि मेलेले टोळ कोंबड्यांना घालू नका. पिवळ्या थव्याने अंडी घातली असतील तर ती जागा उथळ नांगरा. अंडी उघडी पडून सुकतात. माळव्याची काळी, भेगाळणारी जमीन टोळाला फारशी आवडत नाही. अंडी शोधायला सुरुवात नदी-नाल्याकाठच्या वाळवट पट्ट्यापासून करा.

प्रश्न : सिंधू पाणी करार आपण स्थगित ठेवला आहे. मग पाकिस्तानला पुराची सूचना का द्यायची? त्यात आपला तोटा नाही का?
(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, भंवरकुआँ)

उत्तर : १९ सप्टेंबर १९६० चा हा करार नद्या वाटून देतो. रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पहलगाम हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिल २०२५ रोजी, भारताने तो स्थगित केला. त्यामुळे सिंधू आयोगामार्फत होणारी नेहमीची देवाणघेवाण थांबली. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूत तावीला मोठा पूर आला तेव्हा भारताने इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयातून, माणुसकीच्या नात्याने, पाकिस्तानला इशारा दिला. त्याच महिन्यात रावीचे पाणी कर्तारपूर साहिबच्या गुरुद्वारात शिरले.

तो इशारा देणे योग्यच होते असे आमचे ठाम मत आहे आणि त्याला भावनेपलीकडची कारणे आहेत. फिरोझपूर-फाजिल्का भागात सतलज सीमा एकदा ओलांडून थांबत नाही, ती आत-बाहेर वळणे घेते. त्या बाजूचा बांध फुटला तर पाणी कुठे पसरेल हे नकाशावरची रेघ ठरवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा यांवर आपणच खालचा देश आहोत. ब्रह्मपुत्रेच्या पूरमाहितीसाठी चीनशी २००२ पासून समझोता होता. नुगेशा, यांगत्सुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरचे आकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा यायचे, आपण त्याचा मोबदलाही देत होतो. २०१७ मध्ये डोकलामच्या सीमातंट्याच्या वेळी ते आकडे आले नाहीत. पुढे तो समझोता २०२३ मध्ये संपला, सतलजचा त्याआधीच २०२० मध्ये. आपण खाली माहिती रोखली तर वरच्याकडे ती कोणत्या तोंडाने मागायची?

भांडणातही टिकणारे सहकार्य कसे असते हे पाहायचे तर चक्रीवादळांकडे पाहा. १९७० च्या भोला वादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांवर माणसे गेल्याचा अंदाज आहे. त्यानंतर १९७२ मध्ये हिंदी महासागराच्या उत्तर भागासाठी देशांचे मंडळ स्थापन झाले. आज त्यात १३ देश आहेत, त्यांत पाकिस्तान, इराण आणि येमेनही. या सगळ्यांना वादळाचा मार्ग आणि जोर कळवण्याचे काम दिल्लीचा हवामान विभाग करतो. जून २०२३ मध्ये बांगलादेशाने सुचवलेल्या नावाचे ‘बिपरजॉय’ कच्छकडे आले तेव्हा गुजरातने एक लाखावर माणसे हलवली आणि त्याच अंदाजांवर सिंधनेही किनारा रिकामा केला. याला मोठे नाव नाही, सह्यांचा सोहळा नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या नमुन्यात पत्रक निघते आणि ते थांबवायचे तर कोणाला तरी तसा हुकूम लिहावा लागतो. हा शेवटचा भाग परीक्षेच्या उत्तरात जरूर लिहा. जी माहिती आपोआप जाते ती अडवणे अवघड असते. जी दर वेळी वरून परवानगी घेऊन द्यावी लागते, ती पहिल्याच तणावात बंद पडते.

परीक्षेपलीकडचे एक. पूरमाहिती म्हणजे नुसते ‘पाणी वाढत आहे’ हे वाक्य नव्हे. केंद्राचे नाव, मोजणीची वेळ आणि ती कोणत्या देशाच्या घड्याळाने (चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे), पातळी कोणत्या शून्यापासून मोजली, प्रवाह क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद) की घनमीटरमध्ये, हे सगळे हवे. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक. एकक लिहायचे राहिले तर पुराचा अंदाज ३५ पटींनी चुकतो.

प्रश्न : माझा मुलगा किन्नौरमध्ये सतलजवरच्या जलविद्युत प्रकल्पावर नोकरीला आहे. तिबेटच्या बाजूचे तळे फुटले तर त्यांना किती वेळ मिळेल? आई म्हणून विचारते आहे.
(सुदामानगर)

उत्तर : तुमच्या मुलाच्या नदीनेच याचे दोन्ही निकाल दाखवले आहेत. १ ऑगस्ट २००० च्या पहाटे सतलजला इशाऱ्याविना लोंढा आला आणि हिमाचलात शंभरावर माणसे गेली. २००४ मध्ये तिबेटात पारेचू नदीवर दरड कोसळून तळे साचले. या वेळी ते उपग्रहातून दिसत होते, चीनकडूनही माहिती येत होती. काठ रिकामे केले गेले. २६ जून २००५ रोजी बांध फुटला, पूल आणि रस्ते वाहून गेले, नाथपा-झाकडी प्रकल्प बंद ठेवावा लागला, पण माणसे वाचली.

वेळेचा हिशेब असा. अरुंद, उताराच्या दरीत लाट सेकंदाला ५ मीटर वेगाने आली तरी ५० किमी अंतर ती तीन तासांच्या आत कापते. दिवसातून दोनदा येणारा आकडा इथे अपुरा पडतो. तळ्याच्या तोंडाशी संवेदक आणि खाली भोंगे हवेत, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच यंत्रणा हवी. ती आज तिथे नाही. ८ जुलै २०२५ रोजी तिबेटातल्या हिमनदीवरचे तळे फुटून नेपाळ-चीनमधला रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला, तेव्हा नेपाळला आधी काही कळले नव्हते. देशात तरी सगळे ठीक आहे असे नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटले. काही तासांत लाट चुंगथांगला पोहोचली आणि १२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण गेले. दरवाजे वेळेत उघडले गेले नाहीत, आणि दगडांच्या भरावाचे धरण माथ्यावरून पाणी गेले की तग धरत नाही.

म्हणून मुलाला फोनवर एवढे विचारा. रात्री दोन वाजता, फोन लागत नसताना, दरवाजे उघडण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला आहे का? दरवाज्यांची वीज गेली तर डिझेल जनरेटर कुठे आहे, लाटेच्या वर की खाली? भोंगा बॅटरीवर चालतो का आणि शेवटचा कधी वाजवून पाहिला? वसतिगृहापासून वर चढायची वाट दिव्याशिवाय सापडते का? यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर त्याने ते सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी विचारावे.

आणि ही खूण त्याला जरूर सांगा. पावसाळ्यात नदीचे पाणी एकाएकी उतरले तर ते शुभ नाही, वर कुठेतरी दरडीने नदी अडली आहे. पाणी गढूळ होणे, ओल्या मातीचा वास, दगड गडगडल्याचा आवाज यांपैकी काही जाणवले की रस्त्याने गाडी पळवू नये. रस्ता नदीकाठानेच जातो. काटकोनात, डोंगराच्या अंगाने वर चढावे. पहिली लाट गेली म्हणून सामान आणायला खाली उतरू नये. मागून दुसरी येते.

प्रश्न : नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालय आपल्या इंदुरात आहे. राज्याराज्यांत जे जमते ते देशादेशांत का जमत नाही?
(स्थापत्य अभियंता, विजयनगर)

उत्तर : नर्मदेला १९७९ चा लवादाचा निवाडा आहे. २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यातले मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. वर निर्णय लावायला केंद्र आणि सर्वोच्च न्यायालय आहे. देशांच्या वर असे कोणी नसते. पण वाटप ठरले म्हणजे पूर आवरला असे होत नाही, हे इथेही दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये वरची धरणे भरून सरदार सरोवरातून सुमारे १८ लाख क्युसेक सोडावे लागले आणि भरूचला गोल्डन ब्रिजपाशी, २४ फूट धोक्याची पातळी असताना, पाणी ४० फुटांपर्यंत चढले. वाटपाचे करार वर्षाच्या सरासरीवर बांधलेले असतात आणि माणसे मरतात ती दोन दिवसांच्या टोकामुळे. १२ डिसेंबर १९९६ चा, ३० वर्षे मुदतीचा भारत-बांगलादेश गंगा करारही फराक्क्याचे उन्हाळी पाणी वाटताना १९४९ ते १९८८ च्या प्रवाहांवर उभा आहे. नव्याने करताना अलीकडची वर्षे आणि पुराचे कलम, दोन्ही घ्यायला हवे.

अभियंता म्हणून तुम्ही कोसीचे उदाहरण अभ्यासावे. १९५४ च्या करारानुसार नेपाळच्या जमिनीवरचा तटबंध भारताने राखायचा. १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहा येथे तो फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकच्या आसपास पाणी होते, बराजची (दरवाज्यांच्या बंधाऱ्याची) क्षमता साडेनऊ लाख असताना. नदी तटाला आणि ठोकरींना (तटापासून नदीत काढलेल्या आडव्या बांधांना) दिवसेंदिवस खात होती. दुरुस्ती करणारे एका देशाचे, जमीन, मजूर आणि पोलीस दुसऱ्याचे, आणि निर्णय पाटणा-दिल्ली-काठमांडू फिरून येणार. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच कोसीला ६.६१ लाख क्युसेक आले, १९६८ नंतरचे सर्वांत जास्त. जागेवरच्या दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना ठरावीक रकमेपर्यंत खर्च करण्याचा आणि दगड, जाळ्या, वाळूची पोती सीमेपार नेण्याचा अधिकार आधीच मिळाला, तर करार न बदलताही अर्धे काम होते. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीचा १९९५ चा आयोगही याच वाटेने गेला. चीन त्याचा सभासद नाही, तरी २०२० पासून वरच्या केंद्रांचे आकडे वर्षभर देतो.

प्रश्न : आमचा पंधरा जणांचा गट पावसाळ्याच्या सुरुवातीला पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला जाणार आहे. काय काळजी घ्यावी?
(स्नेहलतागंज)

उत्तर : जमले तर तारीख मेच्या मध्याआधी किंवा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात घ्या. नाही जमले तर पोखरा-जोमसोमचा रस्ता फक्त उजेडात करा आणि परतीला दोन दिवस राखीव ठेवा, विमानाचे तिकीटही त्याच हिशेबाने काढा. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्यासाठी २०२० पासून अचानक येणाऱ्या पुराची मार्गदर्शक यंत्रणा दिल्लीहून चालते. ती ६ तासांचा इशारा आणि २४ तासांच्या जोखमीचा अंदाज नेपाळच्या जल-हवामान विभागाला देते. त्या विभागाचे पत्रक रोज सकाळी निघण्यापूर्वी पाहा. सीमेपर्यंतच्या प्रवासासाठी आपल्याकडचे आपत्तीचे इशारे देणारे ‘सचेत’ ॲप मोबाइलवर घ्या. नेपाळमध्ये भारतीय सिमचे रोमिंग भरवशाचे नसते. गटातल्या दोघांनी तरी तिथले सिम घ्यावे आणि मुक्कामाचा पत्ता, गाडीचा क्रमांक रोज संध्याकाळी घरी कळवावा. मुक्काम नदीकाठच्या देखण्या हॉटेलात नको, रस्त्याच्या वरच्या अंगाला घ्या.